एक तास एक मिनिट

आई ताटात शेंगा घेऊन सोलत बसली होती आणि माझी मुलगी शेजारी लोळत मोबाइल चाळत होती. आजीनं सहज विचारलं, ''तुझा काका राहतो ते किती लांब आहे गं इथून?'' मुलीनं दोन नावं टाकली आणि उत्तर वाचून दाखवलं. मुंबई ते भामरागड, हवाई अंतर ८१२ किलोमीटर, विमानाने १ तास १ मिनिट. शेजारी चिमुकल्या विमानाचं चित्रही होतं म्हणे. मी आतून ओरडलो की गडचिरोलीच्या त्या टोकाला विमानतळच नाही, कसलं विमान न् कसला तास! पण आईच्या हातातली शेंग तेवढ्यापुरती थांबली होती, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या काकूंशी बोलताना तिचा आवाज आला, ''काही लांब नाही हो, विमानानं तासाभराचं तर आहे.'' तेव्हापासून हा एक तास एक मिनिट माझ्या डोक्यात घुसून बसलाय. आईला खोटा दिलासा मिळाला म्हणून राग यावा, की मिळाला तेवढा मिळू द्यावा, हे काही ठरेना.

आकडा काढला कसा असेल, हे कळायला फार हुशारी लागत नाही. दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या पाठीवरून मधलं सरळ अंतर मोजायचं, ते ताशी आठशे किलोमीटरनं भागायचं. झालं. खाली धावपट्टी आहे का, तिकीट मिळतं का, असं ते यंत्र विचारत नाही. परभणीच्या एखाद्या शेतातल्या विहिरीचे अक्षांश-रेखांश दिले तर तिथंही ते विमान उतरवेल. गंमत म्हणजे गणित चूक नाही. डोंबिवलीहून सीएसटीला फास्ट लोकलनं उभ्यानं जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात माझा धाकटा भाऊ राहतो ते गाव गाठता येईल. फक्त मधे हवा हवी, दुसरं काही नको.

मग मी मुलीचा शाळेचा नकाशा काढला आणि पट्टी ठेवली. मुंबई एकोणीस अंशांच्या जरा वर, भामरागड साडेएकोणीसच्या जरा खाली. रेघ जवळपास आडवी, पूर्वेकडे. कल्याण-मुरबाड डाव्या हाताला राहतं, जुन्नरच्या अंगावरून रेघ घाट चढते, नगर थोडं खाली सुटतं. गेवराईच्या शेजारून जाऊन पाथरीच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी गोदावरी ओलांडते, मग परभणी, मग बसमत. त्यापुढे मात्र महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जाणारी ही रेघ चक्क तेलंगणात शिरते, आसिफाबाद आणि कागजनगरवरून जाते, प्राणहिता ओलांडून अहेरीला पुन्हा आपल्यात येते, आणि आलापल्लीच्या सागवानावरून भामरागडला टेकते. मी पट्टीवरचे सेंटिमीटर मोजले. परभणी बरोबर मध्यावर येते. आईचं माहेर परभणीचं. एक मुलगा रेघेच्या पश्चिम टोकाला, एक पूर्व टोकाला, आणि मधोमध तिच्या वडिलांचं घर. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, ''मग? परभणी मधीच आहे की सगळ्याच्या.''

प्रत्यक्षात या रेघेवरून कुणी जात नाही.

जायचं तर आधी वर नागपूरला. नागपूर भामरागडच्या उत्तरेला जवळजवळ दोन अंश, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर वर. विमानानं गेलात तर दीडेक तास, रेल्वेनं गेलात तर रात्र. तिथून पुन्हा खाली उतरायचं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा लांबलचक पूल, आरमोरी, गडचिरोली. गडचिरोलीला पोहोचलं की नवख्या माणसाला वाटतं, आलो. तिथून अजून तेवढंच जायचं असतं. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीला चहा घ्यायचा आणि शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. रस्ता आता पुष्कळ सुधारलाय, असं तिथली माणसं आवर्जून सांगतात, आणि ज्या आवाजात सांगतात त्यावरून आधी काय असेल ते समजतं. जिल्ह्याला रेल्वेचं स्टेशन म्हणाल तर एक देसाईगंज, म्हणजे वडसा, तेही पार उत्तरेच्या कोपऱ्यात. भामरागडच्या पोराला रेल्वे बघायची तर आधी सगळा जिल्हा उभा कापायला लागतो.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून भावाची निवड झाली तेव्हा घरी जी माणसं भेटायला आली ती अभिनंदनाला आली की सांत्वनाला, तेच कळेना. सरकारी नोकरीत 'गडचिरोलीला पाठवीन' हे वाक्य धमकी म्हणून इतक्या पिढ्या वापरलं गेलंय की एखाद्याची पहिलीच नेमणूक तिथं झाली तर लोकांना वाटतं, यानं काय केलं असेल? वडिलांचे एक मित्र तर हळू आवाजात म्हणाले, काही वर्षं काढ कशीतरी, मग आंतरजिल्हा बदलीला अर्ज टाक. वीस-पंचवीस मुलांची शाळा, दोन शिक्षक, लाहेरीच्या वाटेवरचं गाव. कशी आहेत मुलं, भाषा कुठली बोलतात, असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती लांब?

आईला लांबचा हिशेब वेगळा लागतो. ती किलोमीटर विचारत नाही. ती विचारते, गाड्या किती बदलायच्या? याचं मूळ मनमाडात आहे. तिच्या लग्नाच्या वेळी आणि आम्ही लहान होतो तेव्हाही परभणीची गाडी मीटरगेज होती, मुंबईची ब्रॉडगेज. मधे मनमाडला उतरायचं, वळकटी, ट्रंक, पाण्याची फिरकीची बाटली आणि आम्ही दोघं असा सगळा संसार हमालाच्या मागं पळवत दुसऱ्या फलाटावर न्यायचा, आणि पुढची गाडी येईपर्यंत त्या ट्रंकेवर बसून राहायचं. मला त्या रात्रींचं एवढंच आठवतं की फलाटावर दगडी कोळशाचा वास असायचा, आणि आई एका हातानं माझं मनगट धरायची, दुसरा हात ट्रंकेच्या कडीत. भाऊ मांडीवर झोपलेला. नव्वदीच्या दशकात तो मार्ग रुंद झाला आणि मनमाडला उतरणं बंद झालं, तेव्हा ती म्हणाली, परभणी जवळ आली. अंतर एका फुटानंही कमी झालं नव्हतं. पण ट्रंक एकदाच चढवायची आणि एकदाच उतरवायची, एवढ्यानं तिचं माहेर जवळ आलं. त्या मापानं मोजलं तर भामरागड फारच लांब. रिक्षा, लोकल, गाडी, बस, पुन्हा बस, शेवटी भावाची मोटारसायकल. आणि पावसाळ्यात या सगळ्यावर एक डोंगा.

मी गेलो तो मार्चअखेरीचा सुमार. आलापल्ली सोडल्यावर बसच्या खिडकीतून आधी धुराचा वास आला, मग गोडसर, आंबूस, अंगावर बसणारा एक वास. मला वाटलं कुणाच्या तरी डब्यातलं काही नासलंय. शेजारचा म्हातारा हसला आणि बाहेर बोट केलं. मोहाची फुलं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ करून ठेवलेली, तिच्यावर पहाटे गळलेली पिवळट, फुगीर, रसानं जड झालेली फुलं. बायका आणि पोरं उकिडवी बसून टोपलीत वेचत होती. बोटांचा वेग असा की फूल उचललं जाताना दिसतच नाही, टोपलीत पडलेलं दिसतं. भावाच्या वर्गात त्या दिवसांत निम्मी हजेरी असते. वरिष्ठांना कळवायच्या कागदावर तो काय लिहितो ते मी विचारलं नाही. तो म्हणाला, ''दादा, हे वर्षाचं मीठ-मिरचीचं आहे त्यांचं. सकाळी वेचून झालं की येतात पोरं, दहाला नाही तर अकराला.'' मग तोही शाळा थोडी उशिरा रंगात आणतो.

भामरागडला पहिली रात्र काढली आणि सहा वाजून गेले नाहीत तर तोंडावर ऊन आलं. पर्लकोटा नदी गावाला लागूनच. तिकडं पामुलगौतमी, पुढं इंद्रावती, तीन नद्यांच्या मिठीत हे तालुक्याचं गाव बसलंय आणि पलीकडचा जंगलाचा पट्टा छत्तीसगडचा. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी खडकांमधून वाट काढत होतं, त्यावर तो ठेंगणा पूल, जो दर पावसाळ्यात बुडतो आणि बातमीत येतो. उंच पुलाचं काम बाजूला दिसत होतं. मी आईला फोन लावला, म्हटलं सूर्य उगवला बघ. ती म्हणाली, ''इकडं अजून अंधार आहे की, दूधवाला यायचाय.'' तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आम्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर उभे आहोत आणि मधे पावणेआठ रेखांश आहेत. एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे मी पाहतोय तो सूर्य आईच्या खिडकीत पोहोचायला अर्धा तास लागणार. नकाशावरची ती आडवी रेघ रोज न चुकता कापणारा हा एकच प्रवासी, आणि त्याला विमानाच्या निम्मा वेळ लागतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. सगळ्या देशाचं घड्याळ एक, त्यामुळं भामरागडच्या पोरांची शाळा त्यांच्या सूर्यानं अर्धा तास उशिरा भरते, हे भावानं आपणहून शोधून काढलं होतं. मोहाच्या दिवसांतल्या उशिराचा हिशेब तो कदाचित तिथंच कुठंतरी लावत असेल.

आता हेलिकॉप्टरचं सांगतो, कारण ती सरळ रेघ काहींसाठी खरी असते.

२०२४च्या लोकसभेला १९ एप्रिलला गडचिरोली-चिमूरचं मतदान होतं. दुर्गम केंद्रांवरची मतदान पथकं तिकडं हेलिकॉप्टरनं नेतात, आणि पथकात असतात कोण, तर शिक्षक. भावाला अहेरीहून चढवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हवेत गेला तो मतदान यंत्राची पेटी दोन पायांत धरून. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येईना. तो म्हणतो, वीसेक मिनिटांत उतरलो. खाली बघितलं तर ज्या वाटेवर त्याची मोटारसायकल दोनदा बंद पडते, ज्या नाल्यात तो चप्पल हातात घेऊन उतरतो, ते सगळं एका नजरेत मावत होतं. ''दादा, वरून सगळं इतकं जवळजवळ आहे ना! आपली शाळा, दवाखाना, तालुका. हाताच्या अंतरावर.'' मग उतरल्यावर केंद्रापर्यंत पोलिसांच्या बंदोबस्तात पायी. तीन वाजता मतदान संपलं, यंत्र घेऊन पुन्हा पायी, पुन्हा हेलिकॉप्टर. त्याच्या बोलण्यात कौतुक होतं, तक्रार नव्हती. मलाच ऐकताना कसंतरी झालं. एका मताला सरकार असं उडत येतं, हे आपल्या लोकशाहीचं खरंच मोठेपण आहे, मी ते नाकारत नाही. पण ज्या माणसाचं ते मत, त्याला साप चावला तर त्याचं अंतर वेगळ्या पट्टीनं मोजलं जातं.

ते कसं, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं. ऑगस्टातली गोष्ट, शाळेतल्या एका मुलाच्या आईला रात्री कळा सुरू झाल्या. खाटेला दोन्हीकडून बांबू बांधले, चार जणांनी खांद्यावर घेतली, दोन जण पुढं बॅटरी धरून. नाल्याला छातीएवढं पाणी. काठावर थांबले, पाणी उतरण्याची वाट पाहत. डोंग्यानं पलीकडं नेलं तेव्हा उजाडत आलं होतं, पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी होती. बाई आणि बाळ दोन्ही सुखरूप, म्हणून हा प्रसंग त्यानं सांगितला. जे सांगितले नाहीत ते मी विचारले नाहीत. पूर खूपच चढला की अलीकडे कधी कधी रुग्णाला हेलिकॉप्टरनं हलवतात, तशा बातम्या येतात, आणि त्या बातम्या होतात यातच काय ते आलं. हेमलकशाला आमटे मंडळींनी १९७३च्या डिसेंबरात लोकबिरादरीचं काम सुरू केलं, तेव्हा तर रस्ता ही चीजच नव्हती म्हणतात. तिथल्या दवाखान्याच्या आवारात मी तासभर बसलो होतो. झाडाखाली माणसं शांत बसलेली, सोबत भांडीकुंडी, एक कोंबडी पाय बांधून ठेवलेली. पेशंटबरोबर सगळं घरच आलेलं. किती चालून आलात असं भावानं एकाला तिथल्या माडिया बोलीत विचारलं. त्यानं किलोमीटर सांगितले नाहीत, मधे दोन मुक्काम केले म्हणाला.

मुंबईहून भामरागड जेवढं लांब आहे, त्याहून भामरागडहून मुंबई पुष्कळ लांब आहे. हे वाक्य कुठल्याही गणितात बसत नाही, पण दोन्ही टोकांना बसून बघितलं की पटतं. मी सुट्टी टाकली, तिकीट काढलं, दीड दिवसात पोहोचलो, मोहाचा वास घेऊन परत आलो आणि आता त्यावर लिहितोय. तिथल्या माणसाला गडचिरोलीहून एखादा सरकारी कागद आणायचा तर दोन दिवसांची मजुरी जाते, आणि साहेब रजेवर असले तर चार. माल मात्र बिनबोभाट जातो. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत पोहोचलं. तेंदूपत्ता जातो. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज भरलेले ट्रक आष्टीच्या रस्त्यावर असे ओळीनं येत होते की आमची बस प्रत्येक वेळी बाजूच्या मातीत उतरायची. बाहेर जाणाऱ्या वजनाला वाट सापडतेच. वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, भावानं भाषांतर केलं, तुमच्या गावापर्यंत मधे किती नद्या आहेत? मी वैनगंगा, गोदावरी करत करत आठवू लागलो आणि उल्हास नदीपाशी येईपर्यंत तिचं लक्ष उडालं. एवढ्या नद्या म्हटल्यावर तिच्या लेखी ते गाव पावसाळ्यात नसणारच.

आईला मी यातलं सगळं सांगितलेलं नाही. खाटेचं तर नाहीच. पण ती अडाणी नाही. त्या जिन्यातल्या 'तासाभरा'बद्दल मी तिला परवा छेडलंच, म्हटलं, काकूंना कशाला थापा मारतेस? शेंगांची टरफलं गोळा करत ती म्हणाली, ''विमान नाही ते मला ठाऊक नाही का? ती बाई रोज विचारते, 'अगं बाई, गडचिरोली!' म्हणून तोंडाला पदर लावते. लेकरू काय काळ्या पाण्यावर गेलंय का? शाळेत शिकवायलंय. तिला सांगितलं तासाभराचं, गप बसली.'' आणि मग, मी काही बोलायच्या आत, ''तू मात्र तेवढ्यावरून चार दिवस पट्टी घेऊन बसलास.''

तिचा स्वतःचा बेत तोवर शिजून तयार होता. नागपूर तिला नकोच. कुणी तरी तिला सांगितलंय की नंदीग्राम एक्स्प्रेस आता बल्लारशापर्यंत जाते. कल्याणला बसायचं, गाडी परभणीवरूनच जाते, तिथं मामाकडं आठवडाभर उतरायचं, मग पुन्हा तीच गाडी धरायची. नांदेड, किनवट, आदिलाबाद करत बल्लारशा. बल्लारशाला भाऊ जीप घेऊन येईल, गोंडपिपरीवरून आष्टी, आलापल्ली. ''मधी गाडी बदलायची नाही, वर नागपूरला चढायचं नाही, सरळच्या सरळ.'' मी मोबाइलवर बघितलं, वेळ बराच जास्त लागतो. ती म्हणाली, लागू दे, मला कुठं हजेरीचा पंच गाठायचाय. खालचा बर्थ पाहिजे, दोन्ही वेळेला. धपाटे आणि शेंगाची चटणी ती परभणीहून घेणार आहे, इथून वजन नको. मोहाची फुलं भाजून खातात का नुसती, हे तिला बघायचंय. आणि उंच पूल होईस्तोवर थांबायची तिची तयारी नाही. मला कामाला लावलंय ते एवढंच, की पर्लकोटाचं पाणी दसऱ्याच्या आधी उतरतं का नंतर, ते भावाला विचारायचं आणि मगच तिकीट काढायचं. त्याचा फोन दोन दिवस लागत नाहीये.